मध्यम आकाराच्या लॅपटॉपची पारख

एखाद्या घरात नवा लॅपटॉप घ्यावयाचा विषय निघाला, म्हणजे पहिली चौकशी बहुधा प्रोसेसरची होते, दुसरी किमतीची होते, आणि ज्या अंगांशी पुढील पाच-सहा वर्षे आपल्या डोळ्यांचा, बोटांचा व खांद्यांचा प्रत्यही संबंध यावयाचा असतो, त्या पडद्याची, कळफलकाची व वजनाची विचारपूस, झालीच तर, सर्वांत शेवटी होते. माझ्या मते हा क्रम उलटा असावयास हवा. गणनशक्तीच्या बाबतीत आजचे बहुतेक लॅपटॉप सामान्य गृहस्थाच्या, शिक्षकाच्या, वकिलाच्या किंवा विद्यार्थ्याच्या गरजेहून अधिकच समर्थ आहेत. परंतु पडदा अंधुक असला, कळा दाटीवाटीने बसविलेल्या असल्या, किंवा यंत्र इतके जड असले की ते घराबाहेर नेण्याचाच कंटाळा यावा, तर त्या उणिवेची भरपाई कोणताही प्रोसेसर करू शकत नाही. दिवसाचा काही भाग मेजावर, काही प्रवासात आणि काही दुसऱ्याच्या कचेरीत घालविणाऱ्या माणसाला १४ इंची पडद्याचा, म्हणजे बाजारात मध्यम आकाराचा समजला जाणारा लॅपटॉप बहुधा सर्वांत सोयीचा ठरतो. मात्र १४ इंची म्हणून शेजारी शेजारी मांडलेल्या दोन यंत्रांत किमतीच्या मानाने लहान पण उपयोगाच्या दृष्टीने फार मोठा फरक असू शकतो, आणि तो कसा ओळखावा याचा विचार येथे करावयाचा आहे.

वाहून नेण्याजोगा संगणक ही कल्पना तशी जुनी आहे. ॲलन के या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९७२ साली ‘डायनाबुक’ या नावाने, मुलांच्याही हाती देता येईल अशा वहीएवढ्या संगणकाचा आराखडा मांडला होता. तथापि १९८१ साली जो ‘ऑस्बोर्न १’ प्रत्यक्ष बाजारात आला, तो सुमारे ११ किलो वजनाचा, अवघ्या ५ इंची पडद्याचा आणि बॅटरीवाचूनचा होता, म्हणजे तो उचलून नेता येत असे एवढेच. पुढच्याच वर्षी ‘ग्रिड कंपास’ आला. बिल मॉग्रिज या अभिकल्पकाने त्याचा पडदा कळफलकावर झाकणासारखा मिटेल अशी योजना केली, कवच मॅग्नेशियमचे केले, आणि आज आपण ज्याला लॅपटॉपचा आकार म्हणतो तो तेथे सिद्ध झाला. मात्र त्याची किंमत ८,००० डॉलरांच्या वर असल्यामुळे तो सरकारी खाती व बड्या कंपन्या यांच्यापुरताच राहिला. १९९१ साली ॲपलच्या ‘पॉवरबुक’ने कळफलक मागे सरकवून पुढे तळहात टेकण्यास जागा ठेवली, लहानशा दिसणाऱ्या या फेरफाराचा लाभ आज प्रत्येक लॅपटॉपवर लिहिणारा माणूस घेत आहे. त्याच वर्षी सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी व्यापारी प्रमाणावर विकावयास आरंभ केला, आणि वजनाचा प्रश्न तेव्हापासून खऱ्या अर्थाने सुटू लागला.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती ही की हलकेपणा कधीच फुकट मिळालेला नाही. २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी लिफाफ्यातून काढून दाखविलेला ‘मॅकबुक एअर’ १.३६ किलोचा होता खरा, परंतु त्यासाठी सीडी वाचण्याची सोय गेली, यूएसबीची खाच एकच उरली, रॅम मुख्य फलकावर कायमची जोडली गेली आणि बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता येईना. चार वर्षांनी, २०१२ साली, लेनोव्होच्या पहिल्या ‘थिंकपॅड एक्स१ कार्बन’ने कार्बन-तंतूंच्या कवचाच्या आधारे तेवढ्याच वजनात १४ इंची पडदा बसवून दाखविला, आणि मध्यम आकार व हलकेपणा यांचा मेळ बसू शकतो हे सिद्ध झाले, पण तेथेही किंमत चढी होती आणि रॅम जोडलेलीच होती. म्हणून एखादे यंत्र विलक्षण हलके व शिवाय स्वस्त असल्याचे सांगण्यात आले, तर त्याचा मोबदला कोठे वसूल झाला आहे याची चौकशी ग्राहकाने अवश्य करावी. तो बहुधा बॅटरीत, पडद्यात किंवा दुरुस्तीच्या सोयीत वसूल झालेला आढळतो.

आता आकाराकडे वळू. पडद्याचे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे घेतात, त्यामुळे १४ इंच या एका आकड्याखाली दोन निराळे पडदे येतात. रुंदी व उंची यांचे प्रमाण १६ ला ९ असेल, तर पडदा साधारण ३१ सेंटिमीटर रुंद व साडेसतरा सेंटिमीटर उंच असतो; तेच प्रमाण १६ ला १० असेल, तर रुंदी किंचित कमी होऊन उंची १८.८ सेंटिमीटरांच्या आसपास जाते. चित्रपट पाहण्यास पहिला बरा, पण ज्याला पत्रे, अहवाल, अर्ज, हिशेबाचे तक्ते किंवा परीक्षेच्या टिपणांचा मजकूर वाचावयाचा आहे, त्याला दुसऱ्या प्रकारातील सुमारे दीड सेंटिमीटर वाढीव उंची फार उपयोगी पडते, कारण लिखित मजकूर वरून खाली वाढत जातो आणि प्रत्येक पानावर काही ओळी अधिक दिसल्याने वारंवार सरकविण्याचा त्रास वाचतो. १३ इंची यंत्रावर दोन दस्तऐवज शेजारी शेजारी उघडणे कष्टाचे होते, १५.६ इंची यंत्र साडेचौतीस सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यामुळे नेहमीच्या खांद्यावरच्या पिशवीत नीट मावत नाही आणि रेल्वेत किंवा एसटीत मांडीवर उघडले, तर शेजारच्या प्रवाशाच्या कोपराला लागते. या दोहोंच्या मध्ये १४ इंच हे माप केवळ तडजोड म्हणून आलेले नसून, बसल्या जागेचा व पिशवीचा दोहोंचा हिशेब त्यात जमतो, म्हणून ते टिकून राहिले आहे.

वजनाविषयी एक सूचना करावीशी वाटते. जाहिरातीत दिलेले वजन केवळ यंत्राचे असते. प्रवासी मात्र यंत्र, चार्जर, त्याची दोरी, संरक्षक वेष्टन आणि बहुधा एखादा माउस असे सर्व बिऱ्हाड पाठीवर घेत असतो. १.३ किलोच्या यंत्राबरोबर जुन्या घाटणीचा पाऊण शेर वजनाचा चार्जर असला, तर मिळविलेला फायदा तेथेच बुडतो. उलट गॅलियम नायट्राइडवर चालणारे नवे ६५ वॉटचे चार्जर तळहातात मावतात, आणि तेच भ्रमणध्वनीसाठीही चालतात. म्हणून दोन यंत्रांची तुलना करताना चार्जरसह एकूण वजन विचारावे. सकाळच्या गर्दीच्या वेळी डोंबिवलीहून किंवा विरारहून लोकलने निघणाऱ्या, पुरा प्रवास उभ्याने करणाऱ्या माणसाच्या खांद्याला दीड किलो व दोन किलो यांतील अर्ध्या किलोचा फरक पहिल्या आठवड्यात जाणवणार नाही, पण वर्षभरात तो असा जाणवतो की यंत्र घरीच ठेवण्याकडे मन वळू लागते. आणि जे यंत्र बरोबर नेले जात नाही, त्याच्या सुवाह्यतेसाठी दिलेली रक्कम व्यर्थ गेली असेच समजावे.

पडद्याच्या गुणवत्तेचा विचार मात्र सविस्तर केला पाहिजे, कारण या बाबतीत मराठी वाचकाची गरज इंग्रजी वाचकाहून वेगळी व अधिक कडक आहे, आणि तिचा उल्लेख कोणत्याही विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सापडत नाही. रोमन अक्षर एका ओळीत, थोड्याबहुत उंचीत आटोपते. देवनागरी अक्षराला वर शिरोरेखा, तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय असा तिहेरी विस्तार असतो, आणि तेवढ्याच उंचीच्या ओळीत हा सारा संसार मांडावयाचा असल्याने प्रत्येक भागाच्या वाट्याला पिक्सेल कमी येतात. १४ इंची पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ पिक्सेल असतील, तर एका इंचात सुमारे ११२ पिक्सेल पडतात. १९२० गुणिले १०८० असतील, तर सुमारे १५७ पडतात. हा फरक इंग्रजीत केवळ सुबकतेचा असेल. मराठीत तो अर्थाचा होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद शिरोरेषेतल्या बारीकशा खंडावर व गाठीवर अवलंबून आहे, आणि अपुऱ्या पिक्सेलांच्या पडद्यावर लहान अक्षरात तो खंड बुजून जातो. ‘उद्ध्वस्त’, ‘निर्द्वंद्व’, ‘शृंगार’, ‘कैऱ्या’ असे शब्द बारा टंकमापात लिहून पाहिले असता अनुस्वार सुटा दिसतो की शिरोरेषेला चिकटतो, जोडाक्षरातील पायमोडके अक्षर ओळखू येते की त्याचा काळा ठिपका होतो, हे क्षणात कळते. दिवसाकाठी दोन-तीन तास मराठी मजकूर तपासणाऱ्या शिक्षकाने, संपादकाने किंवा न्यायालयीन कामकाज पाहणाऱ्या माणसाने १९२० गुणिले १२०० पिक्सेलांपेक्षा कमी पडदा पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिक्सेलांखालोखाल महत्त्व तेजाचे. ते ‘निट’ या परिमाणात सांगतात, आणि स्वस्त यंत्रांत ते बहुधा २५० च्या आसपास असते. पडदे ओढलेल्या खोलीत ते पुरते; परंतु आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकीजवळ, ओसरीवर किंवा धावत्या गाडीत काम करावयाचे असल्यास ३०० हे किमान व ४०० हे समाधानकारक समजावे. चकचकीत काचेच्या पडद्यावर रंग खुलतात, पण मागच्या खिडकीचे व स्वतःच्या मुखाचे प्रतिबिंबही खुलते. खरबरीत, चमक नसलेला पडदा वाचनास अधिक निवांत. ओलेड जातीचे पडदे काळ्या रंगाच्या गहिरेपणात अद्वितीय आहेत यात वाद नाही, तथापि तेज कमी केल्यावर त्यांतील काही पडदे डोळ्यांना न दिसणाऱ्या वेगाने मिणमिणतात, व काही व्यक्तींना त्यामुळे डोकेदुखी होते; तेव्हा रात्री मंद प्रकाशात काम करणाऱ्याने असा पडदा थोडा वेळ प्रत्यक्ष वापरून मगच निर्णय करावा. रंगांविषयी इतकेच ध्यानात ठेवावे की ‘४५ टक्के एनटीएससी’ असे माहितीपत्रकात लिहिलेले असेल, तर तांबडा रंग विटकरी दिसेल; छायाचित्रांचे किंवा मुद्रणाचे काम करणाऱ्यास ‘१०० टक्के एसआरजीबी’ हेच हवे.

कळफलकाकडे आपले दुर्लक्ष पडद्याहूनही अधिक होते. कळ दाबली असता ती किती खाली जाते, तिचा परतीचा उसळता स्पर्श स्पष्ट आहे की मऊ, मधला भाग जोराने टंकले असता वाकतो की काय, हे सारे बोटांनीच ठरवावयाचे असते. पातळ यंत्रांत कळेचा प्रवास एक मिलिमीटरच्या आसपास आणि बऱ्या यंत्रांत सुमारे दीड मिलिमीटर असतो, व दीर्घ लेखन करणाऱ्याला हा अर्धा मिलिमीटर संध्याकाळी बोटांच्या पेरांत समजतो. मराठीत लिहिणाऱ्याला याशिवाय एक निराळीच अडचण आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेल्या व १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारलेल्या इनस्क्रिप्ट आराखड्यात स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे आहेत. परिणामी इंग्रजीत ज्या कळा विरामचिन्हांच्या म्हणून क्वचित वापरल्या जातात, त्यांवर आपली नित्याची अक्षरे बसली आहेत: अर्धविरामाच्या कळेवर ‘च’, अवतरणचिन्हाच्या कळेवर ‘ट’, चौकटी कंसाच्या कळेवर ‘ड’, आणि तिरक्या रेघेच्या कळेवर ‘य’. लॅपटॉपची रुंदी कमी करताना पुष्कळ निर्माते नेमक्या याच उजवीकडच्या कळा आखूड करतात, कारण इंग्रजी टंकलेखकाला त्याची झळ लागत नाही. मराठी लेखकाला मात्र ती प्रत्येक वाक्यात लागते. ॲ, ऑ, र्‍या यांसारख्या चिन्हांकरिता काही आराखड्यांत स्पेसच्या उजवीकडील ऑल्ट कळ लागते. तीही काही यंत्रांत अरुंद झाली आहे, आणि २०२४ पासून अनेक विंडोज लॅपटॉपांवर तिच्या शेजारीच मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट’ची स्वतंत्र कळ येऊन बसल्यामुळे चुकून तीच दाबली जाण्याचा संभव वाढला आहे. १४ इंची यंत्राची कड कळफलकास पुरेशी रुंद असते, त्यामुळे या आकारात पूर्ण मापाच्या कळा देणे शक्य आहे. न दिल्यास तो निर्मात्याचा आळस समजावा. जे उच्चारानुसार, रोमन कळांवरून मराठी लिहितात त्यांना ही अडचण भासणार नाही, परंतु इनस्क्रिप्टवर हात बसलेल्याने ‘चटकदार’, ‘यंत्रयुग’, ‘डावपेच’ असे शब्द दुकानातच भरभर टंकून पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

प्रोसेसर हा विषय मी मुद्दाम उशिरा घेतला आहे. त्याच्या नावाने ग्राहकाची दिशाभूल होणे फार सोपे झाले आहे, याचे एक नमुनेदार उदाहरण एएमडीच्या नामकरणात सापडते. ‘रायझन ५ ७५२०यू’, ‘रायझन ५ ७५३०यू’ व ‘रायझन ५ ७५४०यू’ ही तीन नावे वाचून कोणालाही वाटेल की ही एकाच वेळची, एकाच कुळातली थोडीशी कमीअधिक गतीची भावंडे आहेत. वस्तुतः पहिल्याची मूळ रचना २०१९ सालची, दुसऱ्याची २०२० सालची व तिसऱ्याची २०२२ सालची आहे, आणि ते त्या आकड्यातील तिसऱ्या स्थानावरून ओळखावयाचे असते. इतकेच नव्हे, तर एकच प्रोसेसर एका यंत्रात १५ वॉट व दुसऱ्यात २८ वॉट वीज घेऊ शकेल अशी मुभा निर्मात्याला असते, आणि उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था चांगली नसेल, तर नावाने थोर असलेला प्रोसेसरही थोड्या वेळाने आपली गती स्वतःच उतरवितो. म्हणून पत्रव्यवहार, आंतरजाल, दृक्‌श्राव्य सभा, हिशेब, लेखन एवढेच काम असणाऱ्याने गेल्या दोन-तीन वर्षांतील रचनेचा मध्यम प्रतीचा प्रोसेसर घ्यावा व वाचलेली रक्कम रॅममध्ये घालावी. विंडोज यंत्रात ८ जीबी रॅम आजही चालते, परंतु त्यातील काही भाग चित्रणासाठी परस्पर घेतला जातो, आणि ब्राउझरच्या वीसेक खिडक्या उघडल्या की यंत्र अडखळू लागते. हलक्या यंत्रांत रॅम मुख्य फलकावर झाळून टाकलेली असल्यामुळे ती पुढे वाढविता येत नाही, म्हणून १६ जीबीचा निर्णय खरेदीच्या दिवशीच करावा लागतो. साठवणीची एसएसडी मात्र बहुधा बदलता येते, तेव्हा तेथे ५१२ जीबीवर समाधान मानण्यास हरकत नाही. (५१२ जीबीच्या जागी विंडोज ४७६ च्या आसपास आकडा दाखविते, त्यात फसवणूक नाही, निर्माता हजारांच्या पटीने व विंडोज १,०२४ च्या पटीने मोजते, एवढाच तो भेद आहे.)

बॅटरीच्या बाबतीत ‘अठरा तास चालते’ यासारख्या विधानांवर भिस्त ठेवण्यापेक्षा स्वतः भागाकार करणे बरे. बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये दिलेली असते. लेखन-वाचनाच्या कामात पडद्याचे तेज मध्यम ठेवले असता १४ इंची यंत्र साधारण ६ ते १० वॉट वीज खाते. म्हणजे ५० वॉट-अवरच्या बॅटरीवर सुमारे पाच ते आठ तास, आणि ७० वॉट-अवरवर सात ते साडेअकरा तास अपेक्षिता येतात. दृक्‌श्राव्य सभा चालू असता हा काळ बराच घटतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने आपल्या एम१ या स्वतःच्या प्रोसेसरवर मॅकबुक आणले, तेव्हापासून या बाबतीतील अपेक्षांची पातळीच बदलली, कारण थोड्या विजेत पुष्कळ काम करण्याची त्या रचनेची शक्ती असाधारण होती व एअर या यंत्रात तर पंखाच ठेवावा लागला नाही. इंटेल, एएमडी व क्वालकॉम यांच्या पुढील प्रोसेसरांनी ते अंतर हळूहळू कमी केले आहे. विमानप्रवास करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी पूर्वपरवानगीवाचून बरोबर नेता येते, आणि सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक केवळ हातातील सामानातच ठेवता येते.

बॅटरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने खचते, हे आपल्या हवामानात विसरून चालत नाही. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि बहुतेक निर्माते यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावे अशी शिफारस करतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत लॅपटॉप ठेवणे म्हणजे बॅटरीचे काही महिने एका दुपारी खर्ची घालणे होय. पूर्ण भरलेल्या स्थितीत सतत तापत राहणे लिथियम-आयन बॅटरीला सर्वांत अपायकारक असते. म्हणून मेजावर चार्जर लावूनच काम करणाऱ्याने ८० टक्क्यांवर भरणा थांबविण्याची जी सोय आज पुष्कळ यंत्रांत असते, ती चालू करून ठेवावी. खरेदीपूर्वी ही सोय आहे की नाही एवढे विचारले, तरी दोन वर्षांनंतरचा खर्च टळू शकतो.

यूएसबी-सी खाचेतून चार्जिंग होत असेल तर चार्जर हरविला, जळाला किंवा घरी राहिला तरी अडत नाही. म्हणून अशी खाच, आणि शक्य तर दोन्ही बाजूंस एकेक, अवश्य पाहावी. युरोपीय संघाने लॅपटॉपांसाठी २०२६ च्या एप्रिलपासून हीच खाच सक्तीची ठरविली, यावरून वारे कोणत्या दिशेचे आहे ते कळते. सभागृहात भाषण देणाऱ्याला एचडीएमआय व साधी यूएसबी या जुन्या खाचा अजून लागतात, आणि १४ इंची यंत्रात त्यांना जागा असते. धातूच्या कवचाच्या यंत्राला काही वेळा हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटते. चार्जरला दोनच पिना असल्या किंवा भिंतीतील तिसऱ्या पिनेच्या जागी अर्थिंगच नसले, म्हणजे अत्यल्प प्रवाह कवचावर राहतो, त्याचा हा परिणाम. तो सहसा धोक्याचा नसतो, पण जुन्या वाड्यांत व चाळींत राहणाऱ्यांनी तीन पिनांचा चार्जर घ्यावा व घरातील अर्थिंग तपासून घ्यावे.

दुरुस्तीचा विचार खरेदीच्या वेळी करणे हा माझ्या दृष्टीने नागरिकत्वाचाच एक भाग आहे, कारण टाकून दिलेले यंत्र शेवटी कोणाच्या तरी गावाच्या मातीत जाते. फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे बंधनकारक केले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्यासारख्या कंपन्या अनेक यंत्रांची दुरुस्ती-पुस्तिका सर्वांस वाचावयास खुली ठेवतात. ती आधी चाळून पाहिली, म्हणजे बॅटरी स्क्रूंनी बसविली आहे की डिंकाने चिकटविली आहे, पंखा साफ करण्यास खालचे झाकण सहज निघते की नाही, हे कळते. आणि कोकणातल्या दमट हवेत किंवा मराठवाड्याच्या धुळीत पंखा दरवर्षी साफ करणे अपरिहार्य असते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने याखेरीज घरी येऊन दुरुस्ती करण्याची हमी आपल्या पिनकोडला लागू आहे की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. अमेरिकन लष्कराच्या ‘मिल-एसटीडी-८१०’ या मानकाचा शिक्का यंत्रावर असला, तरी त्यातील कोणत्या चाचण्या करावयाच्या ते निर्माताच निवडतो. तेव्हा त्या शिक्क्यापेक्षा पडद्याची बिजागरी एका हाताने उघडून पाहणे, व मिटलेल्या झाकणावर तळव्याने हलका दाब देऊन ते किती लवते ते पाहणे अधिक उपयुक्त.

ज्यांचा खिसा नव्या यंत्राला पुरत नाही, त्यांना कंपन्यांनी वापरून काढलेले व्यावसायिक वर्गातले १४ इंची लॅपटॉप हा उत्तम मार्ग आहे. त्यांचे कळफलक व बिजागऱ्या बहुधा नव्या स्वस्त यंत्रांहून मजबूत असतात. येथे दोन दक्षता पुरेत. विंडोज १० ची नियमित सुरक्षाव्यवस्था १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्यामुळे यंत्र विंडोज ११ ला पात्र आहे याची खातरजमा करावी, आणि विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढण्याची जी आज्ञा असते ती विक्रेत्यासमोर चालवून मूळ क्षमता व आजची क्षमता हे दोन आकडे ताडून पाहावेत.

सारांशाचा खटाटोप न करता माझा निर्णय सांगतो. दररोजच्या कामाला व दररोजच्या प्रवासाला एकच यंत्र हवे असेल, तर १६ ला १० प्रमाणाचा, १९२० गुणिले १२०० पिक्सेलांचा व निदान ३०० निट तेजाचा १४ इंची पडदा, पूर्ण मापाच्या उजव्या कळा, १६ जीबी रॅम, ५५ वॉट-अवरहून अधिक बॅटरी, यूएसबी-सी चार्जिंग आणि चार्जरसह पावणेदोन किलोच्या आत वजन, या अटींवर ठाम राहावे, आणि रक्कम अपुरी पडल्यास प्रोसेसरची एक पायरी खुशाल उतरावी, पण पडद्याची व कळफलकाची उतरू नये. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की आपल्या जिल्ह्याच्या पेठेत असो, दुकानात जाताना आपल्याच कामातला एखादा दाट मराठी मजकूर पेनड्राइव्हवर बरोबर न्यावा, तो पडद्यावर उघडून वाचावा, त्याचा एक परिच्छेद त्याच कळफलकावर टंकावा, आणि विक्रेता त्यास हरकत घेत असेल तर दुसरे दुकान पाहावे.